होयबा

मावशीने पिशवी टेबलावर उलटी केली. दोन फ्रॉक, एक स्वेटर, दात घासायचा ब्रश, चपलांचा जोड आणि न उघडलेली रंगीत खडूंची पेटी, असं सगळं मॅडमच्या पुढ्यात येऊन पडलं. एक चप्पल खाली गेली.

"अगं, हळू!" मॅडम म्हणाल्या.

"हळू कशाला? फुटण्यासारखं काही आहे का यात? फुटण्यासारखं ते तिकडे दाराशी उभं आहे."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. बालगृहाच्या अधीक्षक म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली होती. मावशीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मध्ये पडण्यात अर्थ नसतो, हे त्या एवढ्या काळात शिकल्या होत्या.

दाराशी पाच वर्षांची एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. थंडी सुरू व्हायच्या आधी एका जोडप्याने तिला मोठ्या हौसेने घरी नेलं होतं. दत्तक पक्कं होण्याआधी मूल काही महिने त्या घरी राहतं, एकमेकांची सवय होते, आणि मग पुढचं सगळं. तेच जोडपं आज सकाळी तिला परत सोडून गेलं. बायको आत येऊन खाली मान घालून बोलली. नवरा तर गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"म्हणतात तरी काय?" मावशीने विचारलं.

"रमत नाही म्हणाल्या. काहीही विचारलं की टकामका तोंडाकडे बघत बसते. दूध मागून मागून पिते आणि रात्री गादीवर ओकते. मुद्दाम करते की काय, असं वाटायला लागलं म्हणे त्यांना."

"मुद्दाम? पाच वर्षांची पोर मुद्दाम ओकते? अक्कल काय गहाण ठेवली होती त्यांनी? आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"ती ऐकतेय," मॅडम हळूच म्हणाल्या.

"ऐकू दे. तिलाही कळू दे, कोणाच्या घरी राहून आली ते." मावशी तरातरा दाराशी गेली आणि मुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं, भूक लागलीय?"

मुलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मावशीचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता, नाकपुड्या फुगल्या होत्या.

"नाही," मुलगी म्हणाली.

"बघा, जेवून आली असेल. तेवढं तरी केलं म्हणायचं," मावशी म्हणाली आणि चप्पल उचलायला खाली वाकली.

बालगृहाचं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपड्यांचं मोठं कपाट, ही तीन राज्यं मावशीची. तिथे मॅडमचंही फारसं चालायचं नाही. मावशीचा कायदा एकच होता, सगळ्यांना सारखं. वाट्या सारख्या, वाटीतला वाटा सारखा. फ्रॉक कोणाचाच नाही. धुऊन आलेल्या ढिगातून ज्याला जो बसेल तो त्याचा, तोही दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत. कोणाला पुढचा, कोणाला मागचा, कोणाला लाडाचा, असली भानगडच नको. या कायद्याचा तिला फार अभिमान होता. तिच्या राज्यात कुठलंही मूल उपाशी राहिलं नव्हतं आणि कुठल्याही मुलाने दुसऱ्याच्या वाटीकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिने बसवली होती. मूल बघायला कोणी येणार असलं की आदल्या संध्याकाळी ती सगळ्यांना ओळीत बसवायची.

"पाहुण्यांनी विचारलं, काय आवडतं, तर?"

"सगळं!" पोरं ओरडायची.

"काय नको?"

"काही नको असं काही नाही!"

शेवटचं वाक्य जरा अवघड होतं, पण पोरं ते ठसक्यात म्हणायची आणि हसायची. मावशीचं गणित साधं होतं. हे नको ते नको करणाऱ्या पोराला बघून लोक बिचकतात. लोकांना गोड पोरं हवी असतात. ही मुलगी तर त्यात पहिली. कशालाही हो. झोपतेस? हो. उठतेस? हो. हिला तुझी जागा देतेस? हो. वॉचमनने तिचं नावच होयबा ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की मॅडमसुद्धा कधीकधी तिला तीच हाक मारायच्या.

परत आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मावशी मागच्या अंगणात फडकी वाळत घालायला गेली, तेव्हा पाण्याच्या टाकीमागे तिला होयबा दिसली. ओणवी होऊन ओकत होती. आवाज नाही, रडणं नाही. ओकून झाल्यावर तिने नळाखालचा मग भरला, जमिनीवर पाणी ओतलं, पायाने नीट नालीकडे सारलं, तोंड पुसलं आणि वळली. हे तिने आज पहिल्यांदा केलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कधीपासून चाललंय हे?"

होयबाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही चाललं."

"मी डोळ्यांनी बघितलं! दूध बाधतं का तुला? दूध आवडत नाही?"

"आवडतं."

"मग ओकलीस कशाला?"

"नाही ओकले."

"माझ्यासमोर खोटं बोलतेस?"

"हो," होयबा म्हणाली.

मावशीने हात उगारला होता, तो तिथेच राहिला. त्या 'हो'मध्ये खोडी नव्हती, उद्धटपणा नव्हता. समोरची बाई ज्या उत्तराची वाट बघतेय ते तिला देऊन टाकायचं, एवढंच होतं. मावशीने हात खाली घेतला आणि ओलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

दुपारी जेवताना तिने करून पाहिलं. गाजराचा तुकडा हातात धरून तोंड भरून हसली. "गाजर हवं?"

"हवं."

थोड्या वेळाने तोच तुकडा, पण कपाळावर आठ्या घालून. "गाजर हवं?"

"नको."

पुन्हा हसली. "हवं," होयबा म्हणाली, आणि हात पुढे केला.

मावशी तिथून उठली आणि कोठीत जाऊन बसली. कालपासून ती त्या जोडप्याच्या नावाने बोटं मोडत होती. काय ती माणसं, काय त्यांची मनं, देव करो आणि यांव होवो नि त्यांव होवो. आता तिला इतका राग आला होता की बटाट्याच्या पोत्याला तिने लाथ मारली. पण तो राग घेऊन जायचं कुठे, ते तिला कळेना. त्या पोरीला 'सगळं आवडतं' म्हणायला त्या जोडप्याने शिकवलं नव्हतं. आपला वाटा काय, आपला फ्रॉक कुठला, हे पोरीला माहीतच नव्हतं, तेही काही त्यांनी केलेलं नव्हतं.

मग तिने ठरवलं, आपण तोंड कोरं ठेवून विचारायचं. पण मावशीचं तोंड ते. तिच्या मनात आलेलं तिच्याआधी तिच्या भुवयांना कळायचं. दोन दिवस ती ओठ घट्ट मिटून, डोळे बटणासारखे करून फिरत होती. वॉचमनने फाटकावरून हाक मारली, "मावशी, पोट बिघडलंय का? ओवा देऊ?" मुलं तिच्यापासून लांब पळायला लागली. आणि होयबा? त्या कोऱ्या तोंडावरही ती काहीतरी शोधत राहायची. सापडलं नाही की घाबरून हो म्हणायची.

शेवटी जे झालं ते न्हाणीघरात झालं, आणि तेही मावशीच्या हुशारीने नव्हे. केस धुवायचा दिवस होता. होयबाच्या डोक्यावर साबणाचा फेस होता आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. मावशीने मग ओतला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "पाणी ठीक आहे ना गं?"

"गरम आहे," होयबा म्हणाली. "नाही आवडत."

मावशीचा हात बादलीवर थांबला. इतक्या वर्षांत तिने त्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते.

"मग कसं आवडतं?" तिने जपून विचारलं.

"थोडंसं गार."

मावशीने गार पाणी मिसळलं. हळूहळू ओतलं. फेस मात्र जाऊ दिला नाही, उलट आणखी साबण लावला. "आणि दूध?"

बाहेर टॉवेल गुंडाळून उभी असलेली पोरं दार वाजवायला लागली. मग मिटलेल्या डोळ्यांनी, नाक वर ओढून, होयबा म्हणाली, "त्याला वास येतो."

"मग सांगायचं नाही का, बये?" मावशी ओरडली. ओरडल्यावर तिने जीभ चावली. पण डोळे मिटलेल्या पोरीला मावशीची चढलेली भुवई दिसली नव्हती, तिने नुसते खांदे उडवले.

त्या दिवसापासून होयबाची आंघोळ लांबत गेली. पावाच्या मऊ भागापेक्षा तिला कड आवडते. गळ्यापर्यंत बटण लावलेलं आवडत नाही. मोठ्या मुलीने केस विंचरलेले आवडत नाहीत, ती ओढते. खिडकीजवळ झोपायला आवडतं. गोष्टीत राक्षस मेलेला आवडत नाही, पळून गेलेला आवडतो. कधीकधी "माहीत नाही" असंही उत्तर यायचं, आणि मावशीला त्याचाही आनंद व्हायचा. हळूहळू फेस नसतानाही एखादा नकार यायला लागला. पुटपुटत, खाली बघत, पण यायचा.

मावशीने तिचं दूध बंद केलं, त्याबरोबर तिच्या कायद्याला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं वाटी पुढे सारून म्हणाली, "मलापण नको!" एकाला नुसती साय हवी होती. एकीला कालचाच फ्रॉक हवा होता आणि तिने त्यासाठी कपाटापुढे लोळण घेतली. मॅडम धावत आल्या.

"हे काय चाललंय? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"होती," मावशी म्हणाली. "त्या शिस्तीतूनच एक पोर टाकीमागे जाऊन गपचूप ओकायला शिकली."

"तुझंच तर होतं ना सगळ्यांना सारखं?"

"माझंच होतं! माझं होतं म्हणून तर ओरडतेय!" आणि खरंच ती इतक्या मोठ्याने ओरडली की कपाटापुढे लोळणारी पोरगी उठून बसली.

एकच गोष्ट मावशीने ऐकून न ऐकल्यासारखी केली. एकदा फेसाखालून होयबा आपणहून म्हणाली, "तिथले बाबा भांडी घासताना शिट्टी वाजवायचे. मला जवळ स्टुलावर बसवायचे. ते आवडायचं."

मावशीने भरलेला मग तिच्या डोक्यावर ओतला. "झालं. ऊठ आता. बाकीची ताटकळलीत."

थंडी सरत आली तेव्हा मॅडमनी मावशीला बोलावून घेतलं. समोर बसायला सांगितलं, म्हणजे काहीतरी अवघड होतं.

"त्या दोघांना पुन्हा भेटायचंय तिला."

"कोणाला? कोणत्या दोघांना?" कळलं असूनही मावशीने विचारलं.

"बाई फोनवर खूप रडल्या गं. आमची चूक झाली म्हणाल्या. पुन्हा एकदा संधी द्या म्हणतात."

"संधी? ही काय शाळेतली परीक्षा आहे, नापास झालो तर पुन्हा बसायला? त्या दिवशी सोडून जाताना तो माणूस गाडीतून उतरला नव्हता. आता कुठल्या तोंडाने येणार?"

"मी मुलीलाच विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर विषय संपला."

मावशी म्हणाली, "म्हणेल. नाहीच म्हणेल ती. आता येतं तिला."

"तू मात्र काही शिकवू नकोस."

"मी कशाला शिकवू? मी नुसतं विचारते."

आणि तिने विचारलं. फेस लावून, डोळे मिटलेले असताना विचारलं, "ते लोक यायचेत उद्या. तुला आवडत नाहीत ना ते?"

होयबा हाताने फेसाचे बुडबुडे फोडत बसली. मावशीने त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढला आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

दोघं आले तेव्हा मावशी मॅडमच्या ऑफिसात आधीच हजर होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाई वाळल्यासारखी दिसत होती. नवऱ्याने दाढी केली नव्हती. मॅडमनी मुलीसाठी पेलाभर दूध आणि बिस्किटांची बशी मागवली होती. पाहुणे आले की ते यायचंच, त्यात मॅडमचं डोकं चाललं नव्हतं. मावशीने मुद्दामच ते थांबवलं नव्हतं.

होयबा आत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. बाईने पेला उचलून पुढे केला.

"दूध घेतेस ना, बाळा?"

"नको," होयबा म्हणाली. "मला त्याचा वास आवडत नाही."

बाईच्या हातातला पेला हिंदकळला. तिने तो कसाबसा खाली ठेवला. "अगं, पण मग रोज रात्री मागायचीस का?"

"तुम्हाला मी दूध प्यायलेलं आवडायचं."

बाईने पदर तोंडाला लावला. मावशीने हनुवटी वर केली. ऐका! अजून ऐका म्हणावं!

नवऱ्याने पिशवीतून एक बाहुली काढली. मोठी, सोनेरी केसांची, डोळे उघडमीट करणारी.

"ही नको," होयबा म्हणाली. "तिचे डोळे मला आवडत नाहीत."

"बरं," तो म्हणाला, आणि बाहुली पुन्हा पिशवीत ठेवली. मावशीची छाती अभिमानाने भरून आली. तिला वाटलं, उठावं आणि पोरीला कडेवर घेऊन अख्ख्या इमारतीत मिरवावं.

तो माणूस खुर्चीवरून उठला आणि मुलीच्या उंचीला येण्यासाठी जमिनीवर उकिडवा बसला. त्याला ते जमत नव्हतं, एक हात टेकावा लागला.

"आम्ही चुकलो," तो म्हणाला. "मी तर त्या दिवशी आत यायलाच घाबरलो. तुला पुन्हा आमच्याकडे यायला आवडेल का? नसेल आवडत तर नाही म्हण. आम्ही रागावणार नाही."

होयबाने मान वळवली आणि मावशीच्या तोंडाकडे पाहिलं.

मावशीला ती नजर ओळखीची होती. गाजराच्या वेळची. टाकीमागची. तिला तोंड फिरवता आलं असतं, खिडकीबाहेर बघता आलं असतं. तिने तसं केलं नाही. तिने भुवया आवळल्या, ओठ दाबले, जबडा घट्ट केला, आणि एवढे दिवस साठवलेला सगळा संताप चेहऱ्यावर येऊ दिला. नाही म्हण. नाही म्हण, माझ्या राणी. इतका स्पष्ट नकार त्या चेहऱ्यावर होता की मॅडमनाही तो दिसला आणि त्या खुर्चीत अस्वस्थपणे हलल्या.

मुलीने तो चेहरा वरपासून खालपर्यंत वाचला. नेहमीसारखा, सावकाश, काही सुटू न देता.

"आवडेल," ती म्हणाली. मावशीकडे बघतच म्हणाली.

बाईच्या तोंडून हुंदका फुटला. मावशी ताडकन उठली. "नीट विचार करून बोल! पुन्हा आणून सोडलं तर? मग काय करशील?"

"अगं, काय हे!" मॅडम म्हणाल्या. जमिनीवर बसलेल्या माणसाने मान खाली घातली.

होयबाने विचार केला. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली. "मग ते मला आवडणार नाही," ती म्हणाली. "खूप राग येईल मला."

मावशी पुन्हा खुर्चीवर बसली, तेव्हा खुर्ची करकरली. आपले हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मुलगी तिच्याजवळ आली. "मावशी, तू रागावलीस?"

"हो," मावशी म्हणाली. तिला दुसरं काही म्हणता येईना. "खूप रागावले."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि टेबलाकडे वळून बशीतली बिस्किटं एकेक करून बघू लागली.